मुलाला कोण बघणार म्हणून स्वतःचं ऑपरेशन टाळणाऱ्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतर पालकही हे वाचतील म्हणून तुमची परिस्थिती आधी थोडक्यात सांगते. तुम्ही ६८ वर्षांच्या, मिस्टर ७५ चे, रेल्वेतून रिटायर झालेले, राहायला गोरेगावला. मुलगा ४१ चा, डाऊन सिंड्रोम आहे, दिव्यांगांच्या वर्कशॉपला नेमाने जायचा पण गेले काही महिने नको म्हणतो, हट्टी झालाय. मुलगी पुण्याला, तिचा संसार, तिची नोकरी. तुम्हाला डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगून दोन वर्षं होऊन गेली पण "मी झोपून राहिले तर याला कोण बघणार" म्हणून ते तसंच राहिलंय. मिस्टर या विषयावर तोंडच उघडत नाहीत. आणि रात्री दोन-अडीचला जाग आली की "आमच्यानंतर याचं काय" हे एकच डोक्यात फिरत राहतं.

मी मेडिकल सोशल वर्कर. आधी बरीच वर्षं पालिकेच्या हॉस्पिटलात आणि आता घरोघरी जाऊन, काम हेच, मोठ्या झालेल्या दिव्यांग मुलांची घरं आणि त्यांचे म्हातारे होत चाललेले आईवडील. तुमच्यासारखा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

ऑपरेशन करून घ्या. हे तुमच्या गुडघ्यासाठी तर आहेच, पण त्याहून जास्त मुलासाठी सांगतेय. आज तुम्ही तारीख ठरवून, सगळी व्यवस्था लावून हॉस्पिटलात जाल. तेच अजून दोन वर्षं ओढत राहिलात आणि बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर रात्री अकरा वाजता अँब्युलन्समधून जायची वेळ येईल, आणि त्याच्या गोळ्या कुठे आहेत, तो काय खातो, अंधाराला घाबरतो की नाही, हे त्या घाईत कोणाला सांगणार? मी ज्या घरांमध्ये धावत गेलेय तिथली बरीचशी संकटं आईवडील वारल्यावरची नव्हतीच, आईवडील अचानक आडवे झाले त्या दिवसाची होती. "आमच्यानंतर" म्हणून आपण ज्याला घाबरतो ते आपण जिवंत असतानाच सुरू होतं, आणि म्हणूनच त्याची तयारी पण जिवंत असताना, हातपाय चालत असताना करता येते. तुमच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे ही त्या दिवसांची रंगीत तालीम समजा. तुम्ही आतल्या खोलीत आहात, हाक मारली तर ऐकू जातंय, आणि तरी त्याचं सगळं दुसरं कोणीतरी करतंय. अशी संधी परत मिळत नाही.

आयांची तब्येत हा विषय आमच्याकडे कायम शेवटी येतो. मुलाची फाइल जाडजूड, दर व्हिजिटचा कागद जपून ठेवलेला, आणि आईचा शेवटचा ब्लड रिपोर्ट कधीचा ते तिला आठवत पण नाही. घरी गेलं की दिसतं, बाई अंघोळीला जाते ती दाराला कडी न लावता, अर्धा कान बाहेर ठेवून, दोन तांब्यात अंघोळ उरकते. जेवण ओट्यापाशी उभ्याने. बीपीच्या गोळ्या संपल्या तर चार दिवस तशीच, मुलाच्या मात्र आठवडाभर आधी आणून ठेवलेल्या. मोतीबिंदू पिकत आलेला असतो, मॅमोग्राफी आयुष्यात केलेली नसते, हर्निया पट्टा बांधून चालवलेला असतो. आणि हे सगळं "मला काय धाड भरलीये" म्हणत. मी त्या बायांना एवढंच विचारते की त्याच्या औषधांमध्ये सगळ्यात महत्त्वाचं कुठलं? मग म्हणते, तुमची बीपीची गोळी त्याच रांगेत ठेवा.

थकवा हा मनाचा खेळ नाही हे पण लक्षात घ्या. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्शा सेल्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आयांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय. २०१० मध्ये त्यांनी ऑटिझम असलेल्या किशोरवयीन आणि मोठ्या मुलांच्या आयांबद्दल मांडलं की त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, रोजच्या पातळीत इतर आयांपेक्षा कमी दिसतं, जसं खूप काळ सततच्या ताणात राहिलेल्या माणसांत दिसतं. म्हणजे शरीर दमून गेलेलं असतं हो, आपण त्याला आळस म्हणतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. गुडघा बदलल्यावर साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत वॉकर घेऊन उभं करतात, काही दिवसांत घरी सोडतात, मग वॉकर, मग काठी, आणि घरातली हलकी कामं नीट जमायला सहा आठवडे तरी धरा, पूर्ण सावरायला तीन महिने किंवा जास्त. या काळात मुलाला अंघोळ घालणं, त्याला आधार देऊन उठवणं, वाकून त्याची चप्पल घालणं हे तुम्ही करायचं नाही, एकदाही नाही. मिस्टर रेल्वेतले म्हणजे रिटायरमेंटनंतरचं मेडिकल कार्ड असेल तुमच्याकडे, मुंबई सेंट्रलचं जगजीवन राम हॉस्पिटल पश्चिम रेल्वेचं, भायखळ्याचं डॉ. आंबेडकर हॉस्पिटल मध्य रेल्वेचं, तिथे ऑर्थोपेडिकला दाखवून तारीख कधीची मिळते ते विचारा आणि त्या कार्डावर मुलाचं नाव चढलंय ना तेही त्याच फेरीत बघून घ्या. ज्यांच्याकडे असं कार्ड नाही त्यांच्यासाठी सांगते, वय ७० पूर्ण झालं असेल तर उत्पन्न कितीही असो आयुष्मान भारतचं कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, वर्षाला ५ लाखांपर्यंत, फक्त तुम्हाला हवं ते ऑपरेशन तुम्ही बघताय त्या हॉस्पिटलात त्यात बसतं का हे आधी काउंटरला विचारायचं.

ऑपरेशनच्या तारखेआधी तीन महिने हातात ठेवा आणि छोट्यापासून सुरुवात करा. पहिल्यांदा दोन तास मिस्टर आणि तो, घरात दोघंच. तुम्ही बाहेर. भाजी आणायला नाही, बँकेत नाही, ते तर कामच झालं. मैत्रिणीकडे जा, पार्ल्याला दीनानाथला दुपारचा प्रयोग असेल तर नाटकाला जा. दर अर्ध्या तासाने फोन करायचा नाही. मिस्टरांनी त्याला वरण-भाताऐवजी बिस्किटं खायला घातली तर घालू देत. मग आठवड्यातून दोनदा. त्यानंतर बाहेरचं माणूस आणायचं, ब्युरोमधून एखादा पुरुष अटेंडंट, कारण ४१ वर्षांच्या पुरुषाला अंघोळ घालायला आणि बाथरूमला न्यायला पुरुष असलेला बरा, मुलाची पण लाज असते, ती जपायला हवी. पहिला महिना तुम्ही घरात असताना. सगळं काम एकदम देऊ नका, फक्त संध्याकाळची फेरी द्या किंवा फक्त अंघोळ. आधार कार्डाची कॉपी, पोलीस व्हेरिफिकेशन हे न लाजता करायचं. आणि एक गोष्ट पालक बोलायला कचरतात म्हणून मीच बोलते, आपल्या मुलांवर लैंगिक अत्याचार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, मुलगा असला तरी. त्यामुळे माणूस नवीन असेपर्यंत दार लोटलेलं, कडी नाही, आणि मुलाला "नको" म्हणायला आणि नंतर तुम्हाला येऊन सांगायला शिकवायचं. बोलता येत नसेल तर अंगावर वळ दिसणं, एखाद्या माणसाला बघून बिथरणं, अचानक अंथरूण ओलं करणं याकडे लक्ष ठेवायचं.

मग एक रात्र. मुलगी शनिवारी येऊन त्याच्या खोलीत झोपेल आणि तुम्ही बहिणीकडे जाल असं काहीतरी. पहिल्या वेळी तो रडेल, जेवणार नाही, दाराशी बसून राहील, आणि मुलगी तुम्हाला फोन करेल. त्या फोनवर परत यायचं नाही. हे सांगणं सोपं आहे आणि करणं फार कठीण, मला माहितीये, पण बहुतेक मुलं आपण समजतो त्यापेक्षा लवकर रुळतात, वेळ आपल्याला लागतो.

एक वही करा. साधी दोनशे पानी. त्यात त्याचं सगळं लिहायचं, आणि "शांत आहे, प्रेमळ आहे" असलं नको, कामाचं लिहा. एका आईच्या वहीतलं सांगते, तिच्या मुलीला बोलता येत नाही: "पोट दुखलं की डावा कान ओढते. पोळीचा तुकडा दुधात भिजवून, गरम नाही. ताटात भात आणि भाजी एकमेकांना लागलेली चालत नाही. फिटची गोळी सकाळी आठ, रात्री आठ, चुकली तर डबल द्यायची नाही. केस धुताना आधी पाणी हातावर दाखवायचं. कुकरच्या शिट्टीला घाबरते, शिट्टी व्हायच्या आधी सांगायचं. पाळीच्या दोन दिवस आधी स्वतःला चावते, रागवायचं नाही." ही वही वाचून कोणीही नवीन माणूस त्या मुलीबरोबर एक दिवस काढू शकेल. हे सगळं आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. रोज जेवण झाल्यावर चार ओळी लिहा, महिन्याभरात वही होते. एक झेरॉक्स मुलीकडे.

तो स्वतः काय करू शकतो हे पण नव्याने बघा. आपण वेळ वाचवायला जे करतो ते करता करता वर्षं निघून जातात. एका घरात वडील रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून मुलाची दाढी करायचे, ब्रश, साबण, रेझर, सगळं साग्रसंगीत. मुलगा ३८ चा. वडिलांना पार्किन्सन झालं, हात थरथरायला लागला, दोन-तीनदा हनुवटी कापली, तरी ते सोडेनात कारण ती दहा मिनिटं दोघांची होती. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवतात त्यांनी, ट्रिमर आणायला सांगितला, आधी बंद ट्रिमर नुसता गालावर फिरवायचा, मग चालू करून हातावर त्याची थरथर दाखवायची, मग एकच गाल, आरशासमोर, वडील मागे उभे. काही महिने गेले त्यात. आईला ते बघवायचं नाही, एका बाजूला केस राहतात म्हणायची. राहतात अजून डाव्या जबड्याखाली. पण दाढी तो स्वतः करतो आणि वडील खुर्चीत बसून "अजून थोडं वर" सांगतात. तुमच्या मुलाच्या दिवसात असं एखादं काम नक्की असेल. अंथरूण घडी करणं, तुमचा वॉकर आणून देणं, पाण्याची बाटली भरणं. तुम्ही आजारी असताना त्याला काम द्या, त्याला पण घरात उपयोगी पडावंसं वाटतं, आणि तो तुम्हाला बघतोय हे विसरू नका. हॉस्पिटलात भेटायला त्याला घेऊन या, पट्टी दाखवा, "आई परत येणार, इतक्या दिवसांनी" म्हणून कॅलेंडरवर खुणा करून द्या. त्याच्यापासून लपवलं की तो जास्त घाबरतो.

तो हट्टी झालाय असं तुम्ही म्हणताय त्याबद्दल. हे ऑपरेशनच्या आधी तपासून घ्या, कारण डाऊन सिंड्रोममध्ये वय लवकर चढतं. थायरॉइड बिघडणं खूप कॉमन आहे, वर्षातून एकदा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायलाच हवी. कानात मळ साठून किंवा तसंही ऐकू कमी येतं, मोतीबिंदू लवकर होतो, झोपेत श्वास अडकून झोप अर्धवट होते आणि मग दिवसभर चिडचिड. दात दुखत असेल तरी त्याला सांगता येणार नाही. डिप्रेशन असू शकतं, वर्कशॉपमधला त्याचा मित्र गेला असेल, बाई बदलल्या असतील, ते विचारून बघा. आणि घाबरवायचं म्हणून सांगत नाही, पण अल्झायमर या लोकांना इतरांपेक्षा खूप आधी होऊ शकतो. २१ नंबरचं गुणसूत्र त्यांच्यात जास्तीचं असतं, अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साचतं ते जिच्यापासून तयार होतं ती जीन नेमकी त्याच गुणसूत्रावर आहे, म्हणून मेंदूतले बदल चाळिशीपर्यंतच सुरू झालेले असतात. लक्षणं बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपास दिसतात, काहींना आधी. सुरुवात विसरण्यापेक्षा स्वभाव बदलण्यातून होऊ शकते. म्हणून आज मोबाइलवर त्याचे छोटे व्हिडिओ काढून ठेवा, बटणं लावताना, जिना चढताना, घरच्यांची नावं सांगताना. वर्षाने डॉक्टरांना तुलना करायला यासारखं दुसरं काही नाही. आधी थायरॉइड, कान, डोळे, दात, झोप हे बघून घ्या, यातलं बरंचसं बरं होण्यासारखं असतं, आणि ते न बघता कोणी "आता याचं वयच झालं" म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आता रात्रीचं. अडीचला जाग येणं, भूक मेलेली, बारीकसारीक गोष्टीवर रडू येणं, आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर ते नुसतं टेन्शन समजू नका, डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत, या वयातही चांगले लागू पडतात. तुम्ही लिहिलं नाहीये पण माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी आयांनी शेवटी मान खाली घालून सांगितलंय, "देवाने त्याला माझ्या आधी न्यावं असं वाटतं, मी आई आहे का कोण." ताई, हे वाटणं पाप नाही. ज्याला आपल्या मुलाची काळजी आहे त्यालाच असं वाटतं. ते मनात दाबून ठेवू नका, कोणाजवळ तरी बोला. पण हा विचार "मीच काहीतरी करून घेईन" किंवा "दोघंही संपवू" या दिशेला वळायला लागला तर मात्र थांबायचं नाही, त्याच क्षणी १४४१६ ला फोन करा, टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नाहीतर जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, पण एकट्या राहू नका.

आणि पालकांमध्ये मिसळा. मुंबईत वर्कशॉपच्या बाहेर बाकावर आया बसलेल्या असतात कारण घरी जाऊन परत यायचं तर लोकलमध्येच दोन तास जातात, त्या बाकावर जेवढं खरं बोलणं होतं तेवढं माझ्या केबिनमध्ये होत नाही. मुलगा वर्कशॉपला जायचा थांबला तसा तुमचा पण तो बाक सुटला असेल, हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो जात नसला तरी तुम्ही आठवड्यातून एकदा जाऊन बसा.

मिस्टर बोलत नाहीत त्याबद्दल जास्त लिहीत नाही. या पिढीतले वडील समोरासमोर बसून "आपल्यानंतर काय" बोलणार नाहीत, पण कागदाचं काम दिलं तर ते करतील, आणि ते करता करता एखादं वाक्य निघतं. त्यांना पेन्शनचं काम द्या. ते खरोखरच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

कारण असं, तुमचे मिस्टर केंद्र सरकारचे पेन्शनर. त्यांच्यानंतर फॅमिली पेन्शन तुम्हाला, आणि तुमच्यानंतर मुलाला आयुष्यभर मिळू शकते, वयाची अट नाही, त्याला स्वतःच्या कमाईवर जगता येत नाही हे मेडिकल सर्टिफिकेटने दाखवावं लागतं. २०२१ मध्ये उत्पन्नाची मर्यादा पण वाढवलीये, त्याचं एकूण उत्पन्न वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरची महागाई मदत यापेक्षा कमी हवं, त्यामुळे वर्कशॉपच्या स्टायपेंडमुळे पेन्शन जाईल ही भीती सोडा, त्या भीतीने कित्येकांनी मुलांना घरी बसवलंय. मुलाचं नाव पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या मंजुरीच्या कागदावर, तुम्ही दोघं असतानाच चढवता येतं. ते झालेलं नसेल तर पुढे तुमच्या मुलीला बिचारीला सर्टिफिकेटं घेऊन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. राज्य सरकार, महापालिकावाल्यांनी पण आपापल्या पेन्शन ऑफिसात हे विचारून घ्यावं.

गार्डियनशिप. मुलगा १८ चा झाला की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अजून अनेकांना माहीतच नसतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची लोकल लेव्हल कमिटी पालकत्वाचं सर्टिफिकेट देते, कोर्टात जावं लागत नाही. गोरेगाव उपनगर जिल्ह्यात येतं, म्हणजे वांद्रे पूर्वेचं कलेक्टर ऑफिस, दादर-परळवाल्यांचं फोर्टला. आईवडील दोघं मिळून अर्ज करू शकतात, भावंडं, नातेवाईक, नोंदणीकृत संस्था पण करू शकतात. मिळाल्यापासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि मग दरवर्षी हिशेब द्यायचा असतो, ते विसरू नका. याच ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही, ओपीडी आणि थेरपी पण काही प्रमाणात बसते. मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, झालं नसेल तर पहिलं ते.

घराचं थोडक्यात. सोसायटीत नॉमिनी लावलं म्हणजे घर त्याचं झालं असं नसतं, मृत्युपत्र लागतं. दोन साक्षीदार, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नुसतं "सगळं मुलीला, ती बघेल" असं लिहिलंत तर मुलाचा हक्क तोंडी राहतो, सगळं मुलाच्या नावावर केलंत तर ते सांभाळणार कोण हा प्रश्न. यातला मधला मार्ग म्हणजे मुलासाठी खासगी ट्रस्ट, किंवा त्याला त्या घरात शेवटपर्यंत राहण्याचा हक्क लिहून ठेवणं. हे वकिलाकडे बसून करा. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर अ‍ॅग्रीमेंट व्हायच्या आधी, आणि ट्रान्झिटच्या घरात जायची वेळ आली तर त्याला आधी दोन-चारदा नुसतं नेऊन दाखवा, नवीन घरात पहिल्या महिन्यात ही मुलं फार बिथरतात.

मुलीशी बोला. "तुझ्याशिवाय त्याला आहे कोण" या वाक्याने सुरुवात करू नका, त्या वाक्यापुढे माणूस हो किंवा नाही दोन्ही म्हणू शकत नाही, मग ती फोनच टाळते आणि आपल्याला वाटतं तिला काही पडलेली नाही. नेमकं मागा. "ऑपरेशनचा पहिला आठवडा येशील का?" "को-गार्डियन म्हणून तुझं नाव घातलं तर चालेल का, जावईबापूंना विचारून सांग." "तो तुझ्याकडे राहील असं मी धरत नाहीये, पण त्याच्यावर लक्ष ठेवणारं तुझं माणूस हवंय." भाऊ घरात सांभाळणं आणि भाऊ नीट आहे ना हे बघत राहणं ही वेगवेगळी कामं आहेत. तिला दुसरं जमेल, आणि ते खूप मोठं आहे. ती नाही म्हणाली तरी ते आज कळलेलं बरं, अजून तुमच्या हातात वेळ आहे.

राहण्याच्या संस्था बघून ठेवा, ठेवायचं असेल नसेल तरी. आपल्याकडे पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या जागा आहेत, बदलापूरचं आधार, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल. आधी फोन करून, मुलाला न घेता एकदा आणि मग घेऊन एकदा जा. ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका, बाथरूम बघा, रात्री किती जणांमागे किती माणसं असतात ते विचारा, दुपारी चार वाजता मुलं काय करतात ते बघा, नुसती भिंतीला टेकून बसलीयेत का. आईवडील गेल्यावर फी कशी, मुलं म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली तर ठेवतात का, नवीन प्रवेशाला वयाची अट काय, थोड्या दिवसांसाठी ठेवतात का. वयाची अट आधी विचारा, ४१ ला जिथे घेतात तिथे ५० ला घेतीलच असं नाही. आणि लोक काय म्हणतील, "टाकलं पोराला" म्हणतील, तर ज्यांनी एक रात्र त्याच्याजवळ काढली नाही त्यांचं मत विचारात घ्यायची गरज नाही.

एवढं सगळं एकदम होणार नाही, करूही नका. या महिन्यात तीनच गोष्टी, ऑर्थोपेडिकची तारीख, मुलाची टीएसएच आणि कान-डोळे-दात तपासणी, आणि मिस्टरांनी पीपीओ काढून त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघणं. मुलाच्या सर्टिफिकेटवर किती टक्के आणि काय शब्द लिहिलेत, ते तात्पुरतं आहे की कायमचं, हे मला कळवा. गार्डियनशिपच्या अर्जाला कुठले कागद जोडायचे ते त्यावरून सांगते. आणि गुडघ्याची तारीख मिळाली की तीही कळवा, अटेंडंटला पहिल्या आठवड्यात काय काय दाखवायचं त्याची यादी आपण फोनवर बसून करू.